सुदामच्या हातातली सैल नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हाही मनातल्या मनात भलतंच काहीतरी पुटपुटत राहिलो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत असती, तर ज्याला सांगायला हवं त्यालाच नसतं का सांगितलं?

आधी मी काय करतो ते सांगतो, म्हणजे पुढचं किती घाणेरडं आहे ते कळेल. मी बीडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पाली, सरडे, सापसुरळ्या, लहान साप — हा माझा अभ्यास. दरवर्षी मी मुलांसाठी एक कार्यशाळा घेतो. अभ्यासासाठी हे जीव कसे धरायचे, म्हणजे त्यांना इजा नाही आणि आपल्यालाही नाही. दुसऱ्या कॉलेजांतूनही मुलं येतात. मी टेबलाशी उभा राहतो आणि दाखवतो — सरड्याच्या शेपटीला हात लावायचा नाही. पालीची शेपूट तर हातात राहते आणि पाल भिंतीवर. मागून जायचं, खांद्यांजवळ दोन बोटांत धरायचं, पोट तळहातावर टेकू द्यायचं. छाती दाबायची नाही, कारण बरगड्या हलल्या तरच त्याला श्वास घेता येतो. डोळ्यांवर कापड टाकलं की बिचारं शांत होतं. "जीव लहान आहे, आपला हात मोठा आहे, हे विसरायचं नाही," असं मी शेवटी म्हणतो. मुलांना हे वाक्य फार आवडतं. मलाही आवडायचं.

सगळे म्हणतात, सर फार काळजीपूर्वक काम करतात. म्हणू देत.

सुदामबद्दल सांगायला हवं. तो शिरूर कासारकडचा, मेंढपाळाच्या घरातला. वडील आणि भाऊ मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, हा एकटाच शिकला. एमएस्सीला आम्ही एका खोलीत राहिलो, एका डब्यात जेवलो. मी माजलगावकडचा, घरचा ऊस, चुलते राजकारणात. तो मला चिडवायचा, "दिग्या, तुझ्या तर कुत्र्याला पण कारखान्याचं सभासदत्व असंल बे." नंतर आम्ही दोघंही याच कॉलेजात तासिका तत्त्वावर लागलो. म्हणजे तास तेवढे आपले, बाकी काहीच आपलं नाही. विभागात कायमची जागा एकच निघणार होती आणि ती आमच्या दोघांपैकी कुणालातरी मिळणार, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. आम्ही त्यावर थट्टा करायचो. तुला मिळाली तर मी तुझा पीएचडीचा विद्यार्थी होतो, असं तो म्हणायचा. मी हसायचो — खरंच हसायचो का? आता आठवून काय उपयोग.

त्याला एक खोड होती. रानातल्या गोष्टी तो रंगवून सांगायचा. लहानपणी आपण घोरपड कशी धरली, नाग शेपटीला धरून कसा फिरवला, असलं. निम्म्या थापा होत्या. मला ते माहीत होतं, स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांना खरं वाटायचं. प्रयोगशाळेत हाच माणूस अगदी वेगळा असायचा. नियम म्हणजे नियम. पकडलेला साप ठेवायच्या पिशवीची गाठ तो स्वतः तपासायचा, आणि वर मलाही तपासायला लावायचा. पण हे पाहणारा मी एकटाच होतो. बाहेरच्यांना दिसायचा तो गोष्टींतला सुदाम, हाताने साप धरणारा. हे लक्षात ठेवा, कारण मी ते बरोबर लक्षात ठेवलं होतं.

आमच्याकडे वनखात्याची परवानगी होती. आसपासच्या माळांवरचे लहान सरपटणारे प्राणी पकडायचे, मोजायचे, खवले मोजायचे, आणि जिथून आणले तिथेच नेऊन सोडायचे. विषारी साप मोजायला पारदर्शक नळ्या वापरतात. साप आपणहून नळीत शिरतो, अंधार शोधत पुढे सरकतो. तो निम्मा आत गेला की जिथे नळी संपते तिथेच नळी आणि त्याचं अंग एका मुठीत धरायचं. तोंड आत, शेपूट बाहेर. मग निवांत मोजा. यात कसब काही नाही, फक्त एक नियम आहे. नळी सापाच्या अंगापेक्षा किंचितच मोठी हवी. सैल असली तर साप आतल्या आत वळतो. आणि वळला, तर तोंड येतं कुठे? — धरणाऱ्याच्या बोटांशी.

भिंतीवर खिळ्यांना आमच्या नळ्या टांगलेल्या असायच्या. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिकटपट्टी. पिवळ्या पट्टीची फुरशाच्या मापाची.

आता सांगतो. सांगायलाच बसलोय ना.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरच्या कूलरची नळी तडकली. मोटरपासून वरती पाणी चढवते ना, ती. जाळीवर पाणी जाईना, नुसती गरम हवा. बायको रोज आठवण करायची. सामानाचं दुकान कॉलेजच्या फाटकासमोर होतं, रस्ता ओलांडायचा मला कंटाळा. एके दिवशी निघता निघता भिंतीवरची पिवळी पट्टी दिसली. उतरवली, पिशवीत टाकली. घरी जाऊन मापानं कापली आणि बसवली. अगदी फिट्ट. बायको म्हणाली, "बघा, मनावर घेतलं की होतं की नाही." त्या दुपारी मी गार वाऱ्यात छान झोपलो.

नवी आणून लावू, असं मनात होतं. उद्या. मग परवा. मग विसरलो.

सुदामच्या गावाजवळच्या माळावर दगडाखाली आम्हाला एक फुरसं मिळालं. मादी होती, अंगानं भरलेली नव्हती, तरतरीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तापायच्या आत मोजायचं आणि परत नेऊन सोडायचं, असं ठरलं. सकाळी मी प्रयोगशाळेत आलो आणि भिंतीवरचा रिकामा खिळा पाहिला. तेव्हा आठवलं. तिच्या मापाची नळी माझ्या घरी कूलरमध्ये पाणी चढवत होती.

काय करता आलं असतं? खूप काही. सुदामला सांगता आलं असतं, की नळी घरी नेली लेका, आज राहू दे. तो दोन शिव्या घालून हसला असता. दुकानात जाता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. मला लाज वाटली. कशाची? एका प्लास्टिकच्या नळीची. कायमच्या जागेची मुलाखत तोंडावर होती आणि कॉलेजातली वस्तू घरी नेली, हे कुणाच्या तोंडी यायला नको होतं. मी लाल पट्टीची नळी उतरवली. ती मोठ्या सापांची.

सुदामचं सगळं लक्ष पिशवीकडे होतं. पिशवीत ती अंग अंगावर घासत होती, तेल तापल्यावर मोहरी तडतडते तसा आवाज येत होता. त्यानं न बघताच हात पुढे केला आणि मी नळी त्याच्या हातात दिली. साप आत शिरला. सुदामनं मूठ आवळली. मग म्हणाला, "दिग्या, ढिली लागती बे ही."

"दोनच मिनिटं. धर तू, काही होत नाही," मी म्हणालो.

त्यानं धरली. माझ्या सांगण्यावरून धरली.

मी शेपटीजवळचे खवले मोजायला वाकलो. मी तिला वळताना पाहिलंच नाही. त्याचा आवाजसुद्धा मोठा आला नाही, नुसतं "आरं" म्हणाला. तर्जनीवर रक्ताचे दोन ठिपके. नळी त्याच्या हातून सुटली, साप त्यातून निसटून फरशीवर आला. मी बादली उलटी करून सापाला झाकलं, आणि त्याच्याआधी — त्याच्याआधी! — ती लाल पट्टीची नळी उचलून कपाटामागे सरकवली. माझ्या मित्राच्या बोटातून रक्त येत होतं आणि मी आधी नळी लपवली. हे तुम्हाला सांगताना माझे कान तापलेत.

रिक्षातून दवाखान्यात नेला. वाटेत तोच मला धीर देत होता. "आता आपला पेपर लवकर छापून येतोय बघ," म्हणाला. इंजेक्शनं सुरू झाली. हात खांद्यापर्यंत सुजला, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. डॉक्टर चांगले होते, त्यांनी जीव वाचवला. बोट नाही वाचलं.

प्राचार्य धावत आले. बाहेरच्या बाकाजवळ त्यांनी विचारलं, कसं झालं? मी काही ठरवलेलं नव्हतं, पण तोंडातून वाक्य तयार निघालं. "सर, हातानं धरायला गेला. मी नको म्हणालो होतो." यातलं दुसरं वाक्य कुणी विचारलं होतं का? ते मी पदरचं घातलं. प्राचार्यांनी मान हलवली. "मला वाटलंच होतं. फार धाडस करतो हा." बघा, किती सोपं होतं. सुदामच्या सगळ्या रंगवलेल्या गोष्टी त्या क्षणी माझ्या कामाला आल्या.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. नाही. हे तर पुष्कळ लोक करतात — भीतीपोटी खोटं बोलतात, दुसऱ्यावर ढकलतात. एवढंच असतं तर मी इतकी वर्षं असा आतून कुजलो नसतो.

ताप उतरायला लागला तेव्हा मी त्याच्या खाटेशी बसलो होतो. वहिनी, म्हणजे त्याची बायको रखमा, चहा आणायला खाली गेली होती. तो डोळे मिटून पडला होता. मग हळूच म्हणाला, "दिग्या, समदे म्हणतेत मी हातानं धरलं. मी हातानं कावून धरीन बे? नळी होती ना?"

मी त्याची चादर सारखी केली.

"मी तुला म्हणलो बी होतो, ढिली लागती. म्हणलो होतो ना?"

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. त्याच्याजवळ खरं बोललो असतो आणि जगासमोर गप्प राहा म्हणून त्याचे पाय धरले असते, तरी तो राहिला असता. मला खात्री आहे, तो राहिला असता. तसा होता तो. पण मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं म्हणालो, "नाही रे सुदाम. नळी आपण काढलीच नव्हती. तू तसलं काही म्हणाला नाहीस. तापात होतं असं. तू पिशवीत हात घातलास."

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता हा मला खोटारडा म्हणेल. मी वाट बघत होतो, देवाशपथ वाट बघत होतो. पण त्याच्या नजरेत माझ्याबद्दल संशय नव्हताच. त्याचा संशय स्वतःवर होता. तो छताकडे बघत पुटपुटला, "मला तर नळी दिसती डोळ्यापुढं. पर तू म्हणतो तर तसंच असंल."

तू म्हणतो तर. एका डब्यात जेवलेल्या माणसानं सांगितलं म्हणून त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सोडून दिलं. तोंडानं सांगून एखाद्याची आठवण काढून घेता येते, हे मला त्या दिवशी कळलं. हात लावायचीही गरज पडत नाही.

पुढचं भराभर सांगतो, त्यात नवल काही नाही. मुलाखत झाली, मला जागा मिळाली. मिळाली कसली, दुसरा उमेदवार उरलाच नव्हता. पुढच्या सत्रात सुदामला तास दिले नाहीत. बेजबाबदार माणूस प्रयोगशाळेत नको, असं ठरलं. त्या बैठकीत मीही होतो. मी म्हणालो, "त्याच्या घरचा विचार करायला हवा." सगळ्यांना मी मोठ्या मनाचा वाटलो. तो गावाकडे गेला आणि शिरूर कासारला जनावरांच्या औषधांचं दुकान टाकलं. मी उद्घाटनाला गेलो होतो, नारळ मीच फोडला.

दुकान बरं चालतं. दुःख ते नाही. वहिनींनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं होतं, "भावजी, खरं सांगा. हेनी हातानंच धरलता का?" मी म्हणालो, होय वहिनी. त्या दिवसानंतर त्यांनी त्याला कधी माफ केलं नाही. लेकरं लहान होती आणि हा मस्ती करायला गेला, असं त्या आजही चारचौघांत म्हणतात. तो खाली मान घालून हसतो.

आणि तो आता कशाचीच खात्री देत नाही. दुकानाला कुलूप लावतो आणि अर्ध्या वाटेवरून परत येऊन ओढून बघतो. गिऱ्हाइकाला औषध देतो आणि त्याच्यामागे रस्त्यापर्यंत पळतो — दाखव बरं, मी कुठली बाटली दिली? काहीही सांगताना म्हणतो, "मला असं वाटतंय, पर माझं काय खरं न्हाई." पूर्वी हाच माणूस दोन वर्षांपूर्वीच्या सरड्याची लांबी तोंडपाठ सांगायचा. लोक म्हणतात, विष डोक्यात गेलं. विष डोक्यात गेलं हे खरं, फक्त ते फुरशाचं नव्हतं.

मी अजून खाली उतरलो. कार्यशाळा सुरू केल्यावर मुलांना धाक बसावा म्हणून मी सुदामला बोलवायला लागलो. हो, बोलवायला लागलो. तो आनंदानं येतो, इस्त्रीचा शर्ट घालून येतो, कारण कॉलेजात पुन्हा पाय ठेवायला मिळतो. मुलांसमोर उभा राहून तुटलेलं बोट वर करतो आणि म्हणतो, "पोरांनो, नळी सोडून हात घातला की असं होतं. सरांनी नको म्हणलं तरी मी ऐकलं न्हाई." मुलं हसतात. मी त्याला शाल देतो, श्रीफळ देतो, फोटो काढतो. एकदा फोटो काढताना तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "तू होतास म्हणून वाचलो बे मी."

बंद करायचं ना मग? केलं नाही. का? त्याच्या तोंडून ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागायचं. थोडा वेळ. घरी पोचेपर्यंत.

आता शेवटचं. यासाठीच लिहायला बसलो.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. वडील वारल्यावर भावांमध्ये जमीन वाटून घ्यायची होती. गावाशेजारचा माळ — जिथे त्यांची मेंढरं बसायची, जिथे विहिरीला पाणी आहे — तो वडिलांनी सुदामला द्यायचं कबूल केलं होतं. थोरला भाऊ आता म्हणत होता, की सुदामनंच बापासमोर तो माळ सोडून दिला, मला नको म्हणाला. साक्षीला कुणी नाही. सुदामला स्पष्ट आठवत होतं, की आपण असलं काही म्हणालो नाही. वडिलांचा हात हातात होता, कुठल्या बाजेवर ते पडले होते, सगळं आठवत होतं. वहिनी भांडायला तयार होत्या, मुलगा तयार होता. सगळे याच्या एका शब्दासाठी अडले होते.

"तू सांग दिग्या," तो म्हणाला. "मला तर वाटतंय मी सोडलेला न्हाई. पर मला तवा नळी बी दिसत होती ना. आन ती न्हवतीच. माझ्या डोक्याचा काही भरवसा हाय का? भाऊ कशाला खोटं बोलंल?"

मी स्टाफरूममध्ये होतो. समोर कुणीही नव्हतं. दार लोटलेलं होतं. इतकी वर्षं ज्या क्षणाची मी भीती बाळगली, तो आला होता, आणि तोही इतका सोपा होऊन. नळी होती सुदाम. एवढे तीन शब्द. त्या तीन शब्दांवर त्याला त्याचा माळ मिळाला असता, विहीर मिळाली असती, बायकोसमोर मान वर करता आली असती. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

मी म्हणालो, "घरचा मामला आहे बाबा. तुझं तू बघ."

"म्हणलो असंन बे मी," तो म्हणाला. "माझ्याच ध्यानात न्हाई." आणि माळ त्यानं भावाला देऊन टाकला. वहिनी माहेरी निघून गेल्याचं नंतर कळलं. परत आल्या की नाही, ते मी विचारलेलं नाही.

फोन ठेवून मी तासाला गेलो. हजेरी घेतली, शिकवलं, मुलांच्या शंकांना उत्तरं दिली. माझा आवाज एकदाही अडकला नाही.

मी तुमच्याकडून काही ऐकायला थांबलेलो नाही. बापाजवळ बसून सुदामनं माळ सोडला नव्हता, हे मी छातीठोक सांगू शकतो, कारण त्या माणसाला जे आठवतं ते तसंच झालेलं असतं. त्या सकाळी त्याच्या हातात नळी होती. ती ढिली लागते, असं तो म्हणाला होता. हे मला माहीत होतं, आता तुम्हालाही माहीत आहे. त्याला नाही.